एनेस्कूचा चेलो, पियानो आणि माझी पेटी

भाता_ओढणारा | शनिवार, रात्री ११:१८

मी पुण्यातला हौशी पेटीवादक. भजनी मंडळ, शाळांच्या नाट्यगीत स्पर्धा, ओळखीच्या गायकांच्या घरगुती बैठका, एवढीच माझी धाव. पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे जाणकारांना दगड शोधायचे कष्ट नकोत.

झालं असं की मागच्या महिन्यात एका बैठकीत गायक मध्येच थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पेटी जरा कमी." माझे कान लाल झाले, पण त्यांचं बरोबर होतं. ते गंधाराला हळूहळू खालून वर आणत होते आणि मी माझी पट्टी दाबून तिथे आधीच जाऊन बसलो होतो. पाहुणा यायच्या आधीच पानावर बसावं तसं. पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) नाही, हे दुखणं जुनंच आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते पुढे तीसेक वर्षं बंद राहिलं, त्यात हेही एक कारण होतंच.

घरी येऊन चिडचिड करत होतो, तर मुलाने हेडफोन पुढे केला. "बाबा, पियानोची पण हीच अडचण आहे ना? मग हे ऐका."

ती होती जॉर्जे एनेस्कू या रोमेनियन संगीतकाराची चेलो आणि पियानोसाठी लिहिलेली दुसरी सोनाटा (एकदोन वाद्यांसाठीची, अनेक भागांची रचना), १९३५ सालची. वाजवणारे लॉरा बुरुआना (चेलो) आणि मार्टिन चिबा (पियानो).

पहिल्यांदा ऐकली तेव्हा काहीच हाती लागलं नाही. धुकं नुसतं. दुसऱ्यांदा तिसऱ्या भागाशी आलो आणि उठून बसलो. चेलो म्हणजे काय, गळाच. गज ओढला की सूर कुठूनही कुठे जातो, पडदे नाहीतच. आणि शेजारी हा पियानो, माझ्या पेटीसारखा पट्ट्यांत अडकलेला. पण पियानो चेलोच्या मागे धावत नाही. चेलोचीच सुरावट तो किंचित उशिरा, किंचित वेगळी म्हणतो. कधी अर्धीच म्हणून सोडून देतो. कधी शेजारच्या दोन पट्ट्यांना असा स्पर्श करतो की दोन्हींच्या मधला, पियानोत नसलेला सूर ऐकू आल्याचा भास होतो. अहो, ही तर साथ! आप्पा जळगावकरांची पेटी भीमसेनजींच्या मागे ऐकताना जे होतं, त्याच्याच जवळपासचं काहीतरी.

मी बरळतोय का? कुणी ऐकलंय का हे?

खिडकीतली_सीट | शनिवार, रात्री ११:५२

पहिली! लेख आवडला, विशेषतः पानावर बसलेला पाहुणा.

लगेच लावून पाहिलं. प्रामाणिकपणे सांगते, अकराव्या मिनिटाला झोप लागली. चाल कुठेय? गुणगुणायला काहीतरी लागतं हो माणसाला. तुम्ही म्हणता ते धुकं मात्र पुरेपूर मिळालं.

शंकासुर | रविवार, सकाळी ७:०५

दोन शंका.

१. नाव एनेस्कू की एनेस्को? जुन्या रेकॉर्डवर 'एनेस्को' पाहिल्याचं आठवतं.

२. पहिली सोनाटा १८९८ ची आणि दुसरी १९३५ ची, तरी दोन्हींवर ओपस (म्हणजे रचनेचा अनुक्रमांक) २६ च कसं? ३७ वर्षांचं अंतर आणि नंबर एक? तुमच्या चिरंजीवांच्या अ‍ॅपने गोंधळ घातलेला दिसतोय.

चौथी_तार | रविवार, सकाळी ९:३१

मी मुंबईत हौसेने चेलो शिकते. चाळिशीत सुरू केलं, त्यामुळे वाजवण्याबद्दल विचारू नका. ऐकण्याबद्दल मात्र बोलेन.

शंकासुर, दोन्ही नावं बरोबर. रोमेनियनमध्ये एनेस्कू, फ्रेंचमध्ये एनेस्को. ते आयुष्याचा मोठा भाग पॅरिसमध्ये राहिले, तिथेच १९५५ साली गेले, पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. आणि ओपसचा घोळ अ‍ॅपचा नाही, खुद्द एनेस्कूंचाच आहे. ओपस २६ क्रमांक १ म्हणजे १८९८ ची एफ मायनर सोनाटा, क्रमांक २ म्हणजे १९३५ ची सी मेजर. सतरा वर्षांच्या पोराचं काम आणि चोपन्न वर्षांच्या माणसाचं काम एकाच दाखल्यावर. अख्ख्या आयुष्यात त्यांनी ओपस क्रमांक दिले फक्त ३३. लिहिलं बरंच, पण हातातून सोडायचे नाहीत. 'इडिपस'वरचा त्यांचा एकमेव ऑपेरा १९३१ साली पुरा झाला आणि पॅरिसच्या रंगमंचावर आला १९३६ च्या मार्चमध्ये, मनात घोळायला लागल्यापासून पाव शतक उलटल्यावर.

पहिली सोनाटा ऐकाल तर हाच माणूस का, असा प्रश्न पडेल. सातव्या वर्षी व्हिएन्नाच्या संगीतशाळेत गेलेला मुलगा, थोर जर्मन संगीतकार ब्राम्स अजून त्याच गावात हयात. तो ब्राम्स पहिल्या सोनाटात ठासून भरलाय. पियानोला दोन्ही मुठींनी काम, चेलो त्याच्याशी भांडत वर येतो. पुढे पॅरिसला मासने आणि फोरे गुरू, शिवाय आंद्रे जेदाल्जकडे काउंटरपॉइंट. म्हणजे दोन-तीन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवायची विद्या. त्या वयात विद्या दाखवावीशी वाटणारच, आणि पोराने दाखवलीय. मला ती आवडते, पण जेवण जड होतं.

दुसरीत हा सगळा पसारा आवरलेला आहे. ती चेलोवादक पाब्लो कासाल्सना अर्पण केलीय.

आता भाता_ओढणारा, तुमच्या साथीच्या मुद्द्याबद्दल. तुम्ही बरळत नाही आहात. एकच सुरावट दोघांनी थोड्या फरकाने एकदम म्हणणं, याला पाश्चात्त्य अभ्यासक हेटेरोफनी म्हणतात आणि एनेस्कूंवर लिहिणारा प्रत्येक जण या शब्दावर येऊन थांबतो. युरोपीय शास्त्रीय संगीतात साधारणपणे एक जण सुरावट म्हणतो, दुसरा खाली स्वरसंवादाचा पाया घालतो, नाहीतर दोघं वेगवेगळ्या सुरावटी चालवतात. एकच सुरावट दोघांनी वाटून घेणं ही खेड्यातल्या वाजवणाऱ्यांची रीत. ती एनेस्कूंनी तिथूनच उचलली.

फक्त राग शोधू नका हं. इथे पुढचा प्रतिसाद 'मला तर अमुक राग वाटला' असा येणार, याची मला खात्री आहे.

कोकम_सरबत | रविवार, सकाळी १०:१४

मला तर दुसऱ्या भागात तोडी वाटला. (पळतो.)

दांबोवित्सा | रविवार, दुपारी २:४७

बुखारेस्टहून नमस्कार! चार वर्षं इथे नोकरीला आहे. हा धागा पाहून खिशातली नोट काढून टेबलावर ठेवली. पाच लेईच्या नोटेवर एनेस्कू आहेत आणि पाठीमागे अथेनेउल हे इथलं घुमटाचं संगीतगृह. जांभळट, प्लास्टिकची नोट. धुण्यात गेली तरी एनेस्कू जसेच्या तसे बाहेर येतात, अनुभव आहे. सुट्ट्या पैशावर संगीतकार आणि तोही रोज ब्रेड घेताना, याची मला सुरुवातीला गंमत वाटायची.

त्यांचं जन्मगाव लिवेनी, वर मोल्दावियाच्या बाजूला, आता गावालाच त्यांचं नाव दिलंय. जन्म १८८१. आधीची सगळी भावंडं बाळपणीच गेलेली, त्यामुळे आईबाप याला जिवापाड जपायचे. तीन वर्षांचा असताना लाउतारींचा ताफा ऐकला. लाउतारी म्हणजे लग्नाकार्यात वाजवणारे पिढीजात वादक, बरेचसे रोमा समाजातले. दुसऱ्या दिवशी पोरगं लाकडाच्या तुकड्याला दोरे बांधून वाजवत बसलं, अशी गोष्ट सांगतात. व्हायोलिनचे पहिले धडेही एका लाउतारीकडूनच.

तुमच्या पियानोबद्दल एक धागा जोडतो. लाउतारींच्या ताफ्यात त्संबाल नावाचं वाद्य असतं. आडव्या पेटीवर ताणलेल्या तारा आणि दोन हलक्या काड्यांनी त्यांवर आघात. आपल्या संतूरचं चुलतभावंडच म्हणा. दुसऱ्या सोनाटाच्या चौथ्या भागावर एनेस्कूंनी लिहिलंय 'फिनाल आ ला रुमेन', म्हणजे रोमेनियन ढंगाचा शेवट. तिथे पियानोवर तेच तेच स्वर भराभर ठोकलेले ऐकताना डोळे मिटा. मला तरी पियानो दिसत नाही, शनिवारच्या लग्नातला त्संबालवाला दिसतो, कोटाची बटणं उघडी टाकलेला.

शंकासुर | रविवार, दुपारी ३:२०

ओपसची शंका मागे घेतो. नोटेची माहिती झकास.

पण मग मला सांगा, हे लोकसंगीतच ऐकायचं असेल तर लाउतारीच का ऐकू नयेत? सूटबूट घातलेली प्रत कशाला?

चौथी_तार | रविवार, रात्री ८:०२

शंकासुर, चांगला प्रश्न. यावर मी स्वतः बरीच घुटमळले आहे.

एनेस्कूंनी वयाच्या विशीत दोन रोमेनियन ऱ्हाप्सडी लिहिल्या, १९०१ साली. त्यात गावातल्या चाली थेट घेतल्यात, वाद्यवृंदाला सजवून. जगभर वाजल्या, अजून वाजतात, आणि त्यांच्या प्रसिद्धीने बाकीच्या एनेस्कूला झाकून टाकलं. त्यांना स्वतःलाही याचा वैताग होता. लोकगीत हाती आलं की ते पुन्हा पुन्हा वाजवण्यापलीकडे त्याचं करायचं काय, ही त्यांची अडचण होती.

१९२६ च्या तिसऱ्या व्हायोलिन सोनाटात त्यांना वाट सापडली. ओपस २५, म्हणजे आपल्या चेलो सोनाटांच्या अगदी शेजारचा नंबर. तिच्या नावात 'रोमेनियन लोकसंगीताच्या स्वभावात' असं आहे. 'शैलीत' हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला, कारण त्यात बनावटीचा वास येतो म्हणून. तिच्यात एकही चाल उसनी नाही, सगळ्या त्यांच्याच. पण बोलण्याची ढब, थांबण्याच्या जागा, सूर किंचित उतरवून धरणं, हे सगळं गावचं. १९३५ ची चेलो सोनाटा त्याच वाटेवर पुढे आहे, फक्त रंग आणखी पातळ. व्हायोलिन सोनाटात गावाच्या वेशीवर उभे असतो, इथे गावाची आठवण राहते.

आणि एक गोष्ट माझ्या शिक्षकांनी दाखवली तेव्हा मी थक्क झाले. त्यांच्याकडे या व्हायोलिन सोनाटाची स्वरलिपी आहे. पान काळंकुट्ट. गज कुठल्या भागावर ठेवायचा, कंप कधी द्यायचा न द्यायचा, कुठला सूर पाव अंतराने चढवायचा, वेग किती ढिला सोडायचा, सगळं लिहिलेलं. ऐकताना वाटतं, वाजवणारा मनाला येईल तसं फिरतोय. प्रत्यक्षात त्याला इंचभर मोकळीक नाही. लाउतारी जे रात्रभर वाजवून क्षणात विसरतो, ते यांनी टाचणीने टोचून कागदावर बसवलंय.

म्हणून हे आपल्या आलापासारखं आहे असं कुणी म्हटलं, तर मला ते एका मर्यादेपर्यंतच पटतं. आलाप करणाऱ्याला पुढची जागा स्वतःला माहीत नसते. चेलोवाल्याला माहीत असते.

भाता_ओढणारा | रविवार, रात्री १०:४०

काय सांगता! म्हणजे पियानोवाल्याने अर्ध्यात सोडून दिलेली जागासुद्धा अर्ध्यातच लिहिलेली?

थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं दोघं एकमेकांचं ऐकून वाजवतायत.

चौथी_तार | रविवार, रात्री १०:५८

ऐकून वाजवावं लागतंच, उलट जास्त. कागदावर उशीर लिहिता येतो, पण समोरच्याचा आज श्वास किती लांब आहे ते लिहिता येत नाही. चेलोने एक सूर केसभर जास्त धरला तर पियानोचा लिहिलेला उशीर त्या प्रमाणात सरकायला हवा. नाहीतर दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं वाटतं. तुमच्या बैठकीत झालं ते हेच नाही का?

भाता_ओढणारा | रविवार, रात्री ११:०३

वर्मावर बोट ठेवलंत.

आत्याबाई | सोमवार, सकाळी ६:४०

सुंदर चर्चा. वाचनखूण साठवली.

माझ्याकडून एक पुणेरी जोड. विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन हे एनेस्कूंचे शिष्य. १९२७ मध्ये अकरा वर्षांचे असताना पॅरिसमध्ये शिकायला लागले, त्या उन्हाळ्यात सिनाया इथल्या गुरूंच्या घरीही राहिले. हेच मेनुहिन १९५२ साली भारतात आले तेव्हा मुंबईत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांना भेटले. दोन वर्षांनी त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले आणि १९६६ च्या त्यांच्या योगावरच्या पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली. गुरुजींकडे शिकलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना मेनुहिन हे नाव घरातलंच. त्यांच्या मागे एनेस्कू उभे आहेत, हे मात्र आज तुमच्यामुळे नीट ध्यानात आलं.

मेनुहिन एक आठवण सांगत. धडा चालू असताना फ्रेंच संगीतकार रावेल आपल्या नव्या व्हायोलिन सोनाटाचं हस्तलिखित घेऊन आले. प्रकाशकांना त्याच संध्याकाळी ऐकवायची होती. एनेस्कूंनी शिष्याची क्षमा मागितली, रावेलबरोबर एकदा वाचून वाजवली, मध्ये मध्ये थांबून शंका विचारल्या. मग रावेल म्हणाले, पुन्हा एकदा करू. एनेस्कूंनी हस्तलिखित बाजूला ठेवलं आणि सगळी सोनाटा आठवणीतून वाजवली.

कोकम_सरबत | सोमवार, सकाळी ९:१२

दंडवत! आणि मी वाण्याच्या यादीतलं तिसरं सामान विसरून येतो.

अवांतर: आपल्या जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही चेलो भरपूर आहे. वाजवणारे बरेच गोवेकर. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून मुंबईला आलेली माणसं. दुःखाचं कडवं आलं की मागे तो खर्ज लागतो, तो चेलोच. त्यामुळे 'चेलो आपला नाही' असं म्हणणाऱ्यांनी कान तपासून घ्यावेत.

खिडकीतली_सीट | सोमवार, रात्री ९:२५

झोपेबद्दल माफी मागून आज परत ऐकलं, लोकलमध्ये. दुसरी सोनाटा डोंबिवलीला सुरू केली, घाटकोपरच्या आसपास संपली. शेजारच्या बाई भाजी निवडत होत्या, गवार. का कोण जाणे, ते दृश्य आणि पहिला भाग एकमेकांना फार शोभले. मऊ, निवांत, आणि हात सतत चालू.

चौथी_तार म्हणतात ती खेड्यातली रीत मला चौथ्या भागात कळली. पहिल्या तीन भागांत अजूनही हरवते. पण आज चाल शोधली नाही. भाता_ओढणारांनी सांगितलं तसं नुसतं दोघांमधलं अंतर ऐकत राहिले. कोण आधी, कोण नंतर. ते मात्र गुंगवून टाकतं हो. विक्रोळीला फोन आला तर मी चिडले, यावरून समजा.

मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पहिली सोनाटा लावली आणि भायखळ्याला बंद केली. चौथी_तार, जेवण खरंच जड आहे.

चौथी_तार | सोमवार, रात्री १०:१०

प्रगती आहे! पहिलीसाठी रविवार दुपार ठेवा, लोकल नको.

तिसऱ्या भागावरची सूचना सगळ्यांना सांगायची राहिली. 'आंदान्तिनो कांताबिले, सेन्झा लेन्तेत्झा'. गात गात, पण रेंगाळू नका. शोकगीत समजून रडत वाजवणाऱ्यांचे हात एनेस्कूंनी आधीच धरून ठेवलेत. वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत ही सूचना कोण किती पाळतो ते बघा. वालेंतिन रादुतियू आणि पेर रुंडबर्ग यांचंही एक आहे. दोन्ही ऐकून सांगा.

आणि एनेस्कू स्वतः वाजवताना ऐकायचे असतील तर १९४३ चं बुखारेस्टमधलं तिसऱ्या व्हायोलिन सोनाटाचं ध्वनिमुद्रण शोधा. व्हायोलिनवर एनेस्कू, पियानोवर दिनू लिपात्ती. एनेस्कू त्याचे धर्मपिता. सात वर्षांनी, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी लिपात्ती गेला. आवाज खरखरीत आहे, पण पियानोने साथ म्हणजे काय, ते भाता_ओढणारांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:१५

माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं, पण प्रश्न बदललाय. आता मूळ माल ऐकायचाय. दांबोवित्सा, तिथली गावची हळवी गाणी कुठे सापडतील?

दांबोवित्सा | मंगळवार, दुपारी १:३०

त्यांना दोइना म्हणतात. तालाच्या बांधणीत न बसणारं, बोलल्यासारखं गाणं. मेंढपाळाचं, विरहाचं, कधी नुसतं एकटेपणाचं. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतलं. हंगेरियन संगीतकार बार्टोकने पहिल्या महायुद्धाच्या आधी मारामुरेशच्या डोंगरात जाऊन त्याचा एक प्रकार नोंदवून ठेवलाय. सुरुवात गायिका मारिया तानासेपासून करा. १९६३ साली गेल्या, पण इथल्या टॅक्सीत अजून वाजतात. आवाजाला किंचित खर आहे, तिखट.

भाता_ओढणारा | शुक्रवार, सकाळी १०:४६

उशिरा उत्तर देतोय, पण कारण आहे.

लिपात्ती ऐकला. तीन रात्री. कागदावर लिहिलेलं आहे की नाही हा विचार पहिल्याच रात्री विसरलो. म्हाताऱ्याचा सूर हलतो, थरथरतो, आणि तो पोरगा त्याच्या खाली हात धरून चाललाय, पण हात लावत नाही.

काल गुरुवारच्या भजनाला त्या बैठकीतलेच गायक बुवा होते. ठरवून गेलो होतो. त्यांनी चार स्वरांची जागा घेतली की एरवी मी चारही स्वर परत वाजवतो, कळलंय हे दाखवायला. काल शेवटचे दोनच घेतले, तेही त्यांचा श्वास संपल्यावर. गंधाराकडे ते निघाले तेव्हा षड्ज धरून गप्प बसलो. पट्टीवर बोट ठेवलेलं, पण दाबलं नाही. बोटाला घाम आला होता.

मध्यंतरात चहा घेताना बुवा म्हणाले, "आज भाता फाटलाय का तुमचा?"

खिडकीतली_सीट | शुक्रवार, सकाळी १०:५१

😂😂 मग तुम्ही काय म्हणालात?

भाता_ओढणारा | शुक्रवार, सकाळी १०:५५

म्हटलं, नाही बुवा, पेटी जरा कमी केलीय. पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय.